कानातून सलाईन

आमच्या सरांकडे साधा खोकला दाखवायला गेलेला माणूस कधीकधी पांढराफटक होऊन बाहेर यायचा. तपासणी झाली, गोळ्या लिहून झाल्या, माणूस टेबलाला हात टेकून उठायला लागला की सर चष्म्यावरून त्याच्याकडे बघायचे आणि पीकपाण्याची चौकशी करावी तसं विचारायचे, "उद्या व्हेंटिलेटरवर पडलात तर काय ऐकाल?"

आता असं विचारल्यावर माणसाचं काय होणार? मोंढ्यातले एक व्यापारी हळदीच्या धुळीनं शिंका येतात म्हणून आले होते. हा प्रश्न ऐकला आणि त्यांच्या शिंका जागच्या जागी थांबल्या. घरी न जाता ते तडक नांदेडला गेले आणि डोक्यापासून पायापर्यंत होत्या नव्हत्या तेवढ्या तपासण्या करून आले. दुसऱ्या दिवशी त्यांच्या बायकोनं आमच्या काउंटरवर येऊन जो तमाशा केला तो अख्ख्या रस्त्यानं ऐकला. सर आतून शांतपणे म्हणाले, "माणूस ठणठणीत निघाला ना तुमचा? मग काहून भांडून राहिल्या?"

मी त्यांच्या हिंगोलीच्या दवाखान्यात, आयसीयूत सिस्टर होते. आयसीयू म्हटलं की तुमच्या डोळ्यापुढे पुण्या-मुंबईचं काहीतरी चकचकीत येईल. आमचा म्हणजे एक लांबट खोली, भिंतीला लागून मोजक्या खाटा, मशिनी आणि एक एसी, जो पेशंटपेक्षा जास्त आजारी असायचा. आता सरांनी दवाखाना पुतण्याकडे सोपवलाय आणि मीही दुसरीकडे नोकरी करते. पण तोंडात नळी घातलेला पेशंट बघितला की अजून माझ्या मनात पहिला प्रश्न सरांचाच येतो. वेड्या माणसाजवळ राहिलं की थोडं वेड अंगाला लागतंच, आणि खरं सांगायचं तर मला ते धुऊन टाकायचंही नाही.

सर अंगानं थोराड, पोट दोन पावलं पुढे, शर्टाचं वरचं बटण नेहमी खालच्या काजात. स्टेथोस्कोप कुठेतरी विसरलेला असायचा. गळ्यात मात्र कायम मोठे काळे हेडफोन. त्यामुळे नव्या पेशंटचे नातेवाईक त्यांना ॲम्ब्युलन्सचा ड्रायव्हर समजून, "मोठे डॉक्टर कवा येतेत?" असं विचारायचे आणि सरही, "येतीलच आता, फार तऱ्हेवाईक माणूस हाय, सांभाळून बोला," असं सांगून पुढे जायचे. ते हेडफोन सर स्वतः स्पिरिटनं पुसायचे, त्याला स्वतः गॉज गुंडाळायचे, आम्हाला हात लावू द्यायचे नाहीत. त्याला ते 'कानातून सलाईन' म्हणायचे. केसपेपरवर इंजेक्शनांच्या खाली गाणी लिहायचे, सकाळी एक, दुपारच्या झोपेआधी एक, आणि अमुक गाणं अजिबात देऊ नये, ॲलर्जी आहे, असंसुद्धा.

त्यांचं म्हणणं एवढंच होतं की गुंगीच्या औषधानं माणूस झोपतो, पण भीती झोपत नाही. तोंडात नळी, हात पट्टीनं बांधलेले, वर परकं छत, कानात मशिनीची टिंगटिंग. अशा वेळी त्याच्या ओळखीचं काहीतरी कानात गेलं पाहिजे. पहिल्यांदा मी हे ऐकलं तेव्हा मनात म्हटलं, झालं, शिकलेला माणूस फिरला. मग एकदा सरांची पाठ वळल्यावर मी एका बाईच्या कानावरचे हेडफोन हळूच काढले. मॉनिटरवर नाडी वर चढायला लागली. परत घातले, उतरली. अजून एकदा काढून बघणार होते, पण मागून सरांचा आवाज आला, "सिस्टर, पेशंट हाय ती, तुमच्या घरचा रेडिओ न्हाई." तेव्हापासून मी गप्प.

कोणतंही गाणं चालत नसे, ज्याचं त्यालाच. एका आजींचा मुलगा पुण्याला मोठ्या कंपनीत होता. त्यानं मोबाइलवर बासरीचं काहीतरी पाठवलं, खास आजारी माणसांसाठी बनवलेलं, मनःशांतीचं. सरांनी ते अर्धा मिनिट ऐकलं आणि काढून टाकलं. म्हणाले, हे विमानतळावर लावतात तसलं आहे, हे कोणाचंच नाही. तुझ्या आईनं विमान वर जाताना बघितलं असेल तेवढंच. तिला ह्यातलं काय ओळखू येणार?

खरी मजा असायची ती नातेवाईकांच्या उलटतपासणीची. सर एकेकाला आपल्या खोलीत बोलावून घ्यायचे आणि फौजदारासारखे विचारायचे, की पेशंट काय ऐकतो. आणि नातेवाईक खोटं बोलायचे. सगळे एकच खोटं बोलायचे, भजन. आमचे बाबा ना, फक्त भजन. आमची आई, भजनाशिवाय दुसरं नाही. हिंगोली जिल्ह्यात आजारी पडलेला एकही माणूस भजनाशिवाय दुसरं काही ऐकत नव्हता, मग लग्नात डीजेच्या गाड्यांवर छाती फुटेपर्यंत जे वाजतं त्यावर नाचतं कोण, हा प्रश्न सर मला विचारायचे. त्यांचा नियमच होता की पोराला विचारलं तर भजन कळतं, दोस्ताला विचारलं तर खरं कळतं.

हेडमास्तरांचं तसंच झालं. हे गृहस्थ म्हणजे शाळेच्या गॅदरिंगमध्ये नाचाचं गाणं लागलं तर जाऊन मेन स्विच बंद करणारे. मुलगा आणि सून शपथेवर सांगत होते की बाबा प्रार्थना आणि बातम्या सोडून काही ऐकत नाहीत. सरांनी प्रार्थना लावून बघितली. नाडी जिथल्या तिथं. मग सर उठले आणि मास्तरांच्या जुन्या दोस्ताकडे, एका टेलरकडे गेले. त्यानं आधी रस्त्याच्या दोन्ही बाजूंना बघितलं, दुकानाचं शटर अर्धं खाली ओढलं आणि मग सांगितलं की मास्तरांचा जीव लावणीवर. दोघं मिळून लांबच्या गावाला जायचे, मास्तर तोंडाला रुमाल बांधून पहिल्या रांगेत बसायचे.

सरांनी लावणी लावली. थोड्या वेळानं सून पायाकडची चादर नीट करत होती, तिला दिसलं की सासऱ्यांच्या पायाचा अंगठा हलतोय, आणि उगाच नाही, ठेक्यावर हलतोय. बाबांनी पाय हलवला म्हणून घरचे आनंदानं रडले. हेडफोनमध्ये काय चालू आहे हे सुनेला कुठून तरी समजलं ते दोन दिवसांनी. मास्तर शुद्धीवर आल्यावर त्यांनी सरांना जवळ बोलावून हळू आवाजात विनंती केली की सुनबाईला सांगा, ते गाणं शेजारच्या खाटेसाठी होतं. सरांनी ताबडतोब तसं सांगून टाकलं, मोठ्यानं. शेजारच्या खाटेवर एक फार सोवळ्या आजी होत्या. त्या डिस्चार्ज होईपर्यंत सरांशी बोलल्या नाहीत. जाताना मात्र मला बाजूला घेऊन म्हणाल्या, "पोरी, ते गाणं बारीक आवाजात इकडं पण येत होतं. त्याचं पुढचं कडवं काय हाय?"

आणि कुरुंदा गावची ती म्हातारी. तिच्या लेकीनं पहिल्यांदा खरं सांगितलं. म्हणाली, माय गाणं ऐकत नाही, तिला फुरसत कुठाय. मग दिवसभर बोलते कोणाशी, सरांनी विचारलं. लेक म्हणाली, म्हशीशी. झालं. सरांनी गाडी काढली आणि मोबाइल घेऊन कुरुंद्याच्या गोठ्यात जाऊन उभे राहिले. पण म्हैस काही बोलेना. मालकीण दवाखान्यात गेल्यापासून ती तशीही रुसलेली, दूधसुद्धा धड देत नव्हती, त्यात हा इस्त्रीचा शर्ट. तेव्हा घरच्यांनी म्हातारीचं लुगडं आणून दिलं. मालकिणीचं लुगडं पांघरलं की जनावर दुसऱ्याला जवळ येऊ देतं, हे आपल्याकडे सगळ्यांना माहीत आहे. सरांनी ते डोक्यावरून घेतलं, म्हशीनं हुंगलं आणि हंबरली. बादलीत धारा पडल्या त्याही रेकॉर्ड झाल्या. तेवढ्यात गावातल्या कोणीतरी फोटो काढला आणि लुगड्यातले आमचे सर संध्याकाळपर्यंत जिल्ह्यातल्या प्रत्येक मोबाइलवर जाऊन पोचले. दुसऱ्या एखाद्या डॉक्टरनं तोंड लपवलं असतं. सरांनी तो फोटो स्वतःच्या स्टेटसला ठेवला.

त्या म्हातारीचे हात सारखे चादर चिमटीत धरून ओढत असायचे. म्हैस कानात हंबरली तसे ते थांबले. मग हळूहळू मुठी उघडायला आणि मिटायला लागल्या, एकीनंतर एक, धार काढतात तशा. मला हसू आलं आणि रडूही आलं, दोन्ही एकदम. सर म्हणाले, "रडू नका सिस्टर, दूध नासंल."

तर हा असा माणूस. त्याचं गाणं कधी चुकत नाही, अशी आमची सगळ्यांची खात्री झाली होती, आणि त्याची स्वतःची तर जास्तच. मग शिरड शहापूरचे बुवा आले.

बुवा म्हणजे तिथल्या भजनी मंडळाचे मुख्य गाणारे. सत्तरी गाठलेली, अंगावर मांस नाही, पण छातीत म्हणे असा आवाज की देवळात सुरू झाले की वेशीपर्यंत माइक लागत नाही. न्यूमोनिया होऊन आले आणि व्हेंटिलेटरवर गेले. औषधं लागू पडली, फुप्फुसं साफ व्हायला लागली, सगळं बरोबर चाललं होतं. फक्त मशीन सुटेना. गुंगी कमी केली की बुवा जागे व्हायचे, डोळे मोठे करून इकडेतिकडे बघायचे आणि घाबरून मशिनीशी झुंजायचे. श्वास नुसता धावायचा. परत गुंगी वाढवावी लागायची. असं रोज.

नळी तोंडातून फार दिवस ठेवता येत नाही. मग गळ्याला पुढून छिद्र पाडून तिथून नळी घालावी लागते. सरांनी घरच्यांना बसवून समजावलं की नंतर ते छिद्र भरून येतं, आवाज बहुतेक परत येतो. पण गळ्याला छिद्र म्हटल्यावर पुढचं कोण ऐकतं? बुवांची बायको, तिला आम्ही मावशी म्हणत होतो, आतापर्यंत सरांशी एका शब्दानं बोलली नव्हती. तिनं हात जोडले. "साहेब, हात घ्या, पाय घ्या. गळा तेवढा राहू द्या. त्यायच्यापाशी दुसरं हायच काय?"

सरांनी भिंतीवरचं कॅलेंडर बघितलं. मग म्हणाले, सोमवारपर्यंत थांबतो, त्याच्यापुढे मला थांबता येणार नाही.

पण काळजीत ते नव्हते. मला म्हणाले, ही तर सगळ्यात सोपी केस, ह्यांचं प्रिस्क्रिप्शन अख्खं गाव लिहून देईल. एकदाचा असा पेशंट आला होता की ज्याचे नातेवाईक भजन म्हणाले आणि ते खरं होतं. मंडळाला निरोप गेला. त्यांनी देवळात बसून, टाळ, पखवाज, पेटी सगळं घेऊन, बुवांच्या आवडीचं भजन मोबाइलवर रेकॉर्ड केलं. पेटीवर होते चाचा, बुवांचे तरुणपणापासूनचे दोस्त. चाचांचा धंदा पेट्या दुरुस्त करायचा, आणि नमाज आटोपून देवळात पेटी वाजवायला येण्यात त्यांना किंवा गावाला कधी काही वेगळं वाटलं नव्हतं. सांगत होते, असं वाजवलंय साहेब, दगड उठून बसेल.

बुवा उठून बसायलाच निघाले. हेडफोन लावले, पहिला टाळ वाजला आणि नाडी अशी चढली की मला वाटलं मशीन बिघडलं. डोळ्यांतून पाणी, मान इकडून तिकडे, बांधलेल्या हातांना हिसके. मी हेडफोन ओढून काढले आणि गुंगीचं औषध वाढवलं. सर म्हणाले, पहिला डोस कधीकधी बाधतो. संध्याकाळी संथ चालीचा अभंग निवडून लावला. आधीपेक्षा वाईट झालं.

सर स्टुलावर बसले, हेडफोन मांडीवर. बराच वेळ गॉजचा एक सुटलेला दोरा बोटाला गुंडाळत राहिले. मग म्हणाले, "सिस्टर, माझ्या गाण्यानं पेशंट बिघडला." इतक्या वर्षांत मी त्यांना असं बसलेलं बघितलं नव्हतं. मला फार वाईट वाटलं.

रविवारी सकाळी त्यांनी मला गुंगी थोडी उतरवायला सांगितली आणि स्टूल ओढून बुवांच्या तोंडाशी जाऊन बसले. आतापर्यंत पोरांना विचारलं होतं, दोस्ताला विचारलं होतं, गावाला विचारलं होतं. ज्याच्या कानात घालायचं त्याला विचारायचं राहूनच गेलं होतं. खोकलावाल्यांना आधीच विचारून ठेवायचा सरांना जो नाद लागला तो ह्या सकाळपासून.

"बुवा," सर म्हणाले, "तुमच्याच मंडळाचं भजन होतं. काहून आवडलं न्हाई?"

बुवांची बोटं हलली. मी हाताची पट्टी सोडली. त्यांनी हात जरासा उचलला, चार बोटं दाखवली आणि मग तोच हात कसाबसा स्वतःच्या खांद्यावर नेला. परत चार बोटं, परत खांदा. मला काही कळेना. मला वाटलं, खांदा दुखतोय, दिवसातून चार वेळा गोळी द्या म्हणत असतील. सरांचा चेहरा मात्र खर्रकन उतरला.

बाहेर आल्यावर त्यांनी सांगितलं. गावात मंडळ न बोलावता कोणाच्या घरी कधी जातं? माणूस खाली घेतला, तोंडात तुळशीपाणी घातलं की. मग चौघं खांदा देतात आणि मंडळ पुढे भजन म्हणत चालतं. बुवांनी जन्मभर शिरड शहापूरची माणसं अशी पोचवली होती. शुद्ध येते, बघतात तर तिरडीवर असतात तसे हात बांधलेले, तोंडाला काहीतरी लावलेलं, आणि कानात आपलंच मंडळ. त्यांना वाटलं, आता आपल्याला न्यायला आले.

सर परत आत गेले आणि बुवांना स्वच्छ सांगितलं की तुम्ही मेला नाहीत, मरतही नाही आहात, छाती साफ झालीय. बुवांनी डोळे छताकडे फिरवले. मरणाऱ्या माणसाला 'तुला काही होत नाही' असंच म्हणायचं असतं, हे त्यांच्याइतकं कोणाला माहीत? त्यांनी स्वतः कितीजणांना तसं सांगितलं असेल.

मंडळ व्हरांड्यात बसलेलं होतं, आपण काय बिघडवलं ह्या काळजीत. सर त्यांच्यापुढे जाऊन उभे राहिले आणि म्हणाले, "माणूस जाताना तुमी म्हणता ते झालं. येताना काय म्हणता?"

चाचा बोलले. "येताना पाळना, साहेब. बारशाला. पर तो बायांचा. मी फकस्त पेटी वाजवतो."

सर म्हणाले, मग म्हणा.

मंडळातला सगळ्यात दांडगा माणूस म्हणजे पखवाजवाले, मिशा कानापर्यंत, तरुणपणी कुस्त्या खेळलेले. ते म्हणाले, बाप्या माणसानं पाळणा म्हणायचा म्हणजे गावात तोंड दाखवायला जागा राहणार नाही. सरांनी त्यांना शांतपणे विचारलं, "मग उद्या गळ्याला छिद्र पाडू?" पखवाजवाल्यांनी मुकाट्यानं फेटा सारखा केला.

दवाखान्याच्या मागे, दुचाक्या लावतात त्या पत्र्याखाली बैठक बसली. शब्द कोणालाच येत नव्हते. मग मावशी पुढे आली आणि पदर तोंडात धरून एकेक ओळ सांगायला लागली. इतक्या दिवसांत ती पहिल्यांदा हसत होती, आणि हसण्यात शब्द अडकत होते. मिशावाल्यांनी पहिल्यांदा म्हटला तेव्हा तो पाळणा कमी आणि पोलिसांची परेड जास्त वाटली. चाचा वैतागून म्हणाले, लेकरू झोपायचं सोडून पळून जाईल, जरा माया करा. तिसऱ्या वेळी जमला. भोवती पेशंटचे नातेवाईक गोळा झाले होते. एका बाईनं कौतुकानं सरांना विचारलं, कोणाला काय झालं?

"मुलगा," सर म्हणाले. "पन्नास किलोचा."

दुपारी मी बुवांची गुंगी परत उतरवली. सरांनी हेडफोन हातात घेतले तेव्हा बुवांच्या डोळ्यांत भीती दिसली, त्यांनी मान बाजूला केली. सरांनी तरी लावले. पेटीचा सूर सुरू झाला आणि नाडी चढायला लागली. मी काढायला हात पुढे केला, सरांनी अडवला. मग मिशावाले सुरू झाले.

बुवांच्या कपाळाला आठी पडली. डोळे एकदा उजवीकडे गेले, एकदा डावीकडे. ते ऐकत होते, आणि आपण काय ऐकतोय ह्यावर त्यांचा विश्वास बसत नव्हता. पखवाजवाल्यांचा आवाज ओळखला असावा त्यांनी, कारण तिथं भुवया वर गेल्या. आणि मग त्यांचं पोट हलायला लागलं. खांदे हलायला लागले. मशिनीनं सगळे अलार्म एकदम वाजवले. मला वाटलं फिट आली, मी औषधाच्या ट्रेकडे धावले.

सर म्हणाले, "थांबा. हसून राहिलेत ते."

तोंडात नळी असताना माणूस हसतो, हे मी त्याच्याआधी बघितलं नव्हतं आणि नंतरही नाही. हसून हसून बुवा थकले, आणि थकल्यावर आपल्या आपण, सावकाश श्वास घ्यायला लागले. मशीन दरवेळी देत होतं तो धक्का त्यांना नकोसा झाला होता. सरांनी मशिनीचा जोर कमी केला. मग आणखी कमी केला. बुवा घेतच राहिले. मरायला नेत असतील तर पाळणा म्हणणार नाहीत, एवढा हिशेब त्यांनी आत कुठेतरी करून टाकला असणार.

सोमवारी सकाळी सरांनी नळी काढली, तोंडातूनच. गळ्याला सुरी लागली नाही.

पण आवाज? नळी काढल्यावर घसा सुजलेला असतो, काहींना दोन-चार दिवस बोलताच येत नाही. आम्ही घरच्यांना आत घेतलं. मावशी पायाशी उभी राहिली. चाचा दारातच थांबले, टोपी हातात घेऊन. बुवा खोकले, मी ओठांना पाणी लावलं, परत खोकले. त्यांनी एकेकाकडे बघितलं आणि सरांवर नजर थांबवली. घोगरा, चिरका, पण त्यांचा स्वतःचा आवाज आला.

"नाव काय ठिवलं?"

चाचांनी भिंतीकडे तोंड केलं. माझ्या हातातली पाण्याची वाटी सांडली. सरांचा चेहरा मात्र हलला नाही. गंभीरपणे म्हणाले, "अजून ठेवलं न्हाई. ते आत्याचं काम हाय."

बुवांनी विचार केला. "आत्या कवाच गेली. तिला म्याच पोचवलं."

"मग जुनंच राहू द्या," सर म्हणाले. "चांगलं चालून राहिलं अजून." आणि ते मावशीकडे वळले. "आत्या न्हाई तर तुमी घ्या, मावशी. बारशाला कानात सांगतात तसं सांगा."

मावशी दोन पावलं मागे सरली. त्या बाईनं जन्मात नवऱ्याचं नाव उच्चारलं नव्हतं. आणलं त्या दिवशी काउंटरवर पेशंटचं नाव विचारलं तर तिनं पोराला पुढे केलं होतं, आणि त्यानंतर रोज आम्हाला विचारायची ते, "त्यायला कसं हाय?" आता ती आमच्याकडे बघत होती, की हा डॉक्टर चेष्टा करतोय का खरंच म्हणतोय. सर खरंच म्हणत होते. बुवांनी उशीवर डोकं सावकाश वळवलं आणि कान तिच्याकडे केला.

तिनं पदर नीट डोक्यावर घेतला, कडेनं पुढे आली, वाकली. तिचे ओठ हलले. काय म्हटलं ते आम्हाला कोणाला ऐकू आलं नाही. नाव ठेवणाऱ्या बाईच्या पाठीवर आपल्याकडे बुक्क्या मारतात, म्हणून सरांनी मला खूण केली आणि मी तिच्या पाठीवर हळूच एक थाप दिली.

मॉनिटरवर बुवांची नाडी एकदम वर गेली आणि अलार्म सुरू झाला. मी बटणाकडे हात नेला.

"वाजू द्या," सर म्हणाले.